सिलिकॉन समजलेले ठिपके

मिथेन आणि हायड्रोजनच्या डीसी प्लाझ्मातून, म्हणजे एकदिश विद्युतप्रवाहाने पेटवलेल्या विद्युतभारित वायूतून, हिऱ्याचा पातळ थर वाढवताना आम्ही कॅथोड (ऋण विद्युतअग्र) म्हणून टंगस्टनची सळई वापरत असू. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि टंगस्टन ३४२२ अंशांना, त्यामुळे या निवडीबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नव्हती. त्या दिवशी चेंबरमधून काढलेला नमुना नुसत्या डोळ्यांना एकसंध दिसला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हिऱ्याच्या करड्या स्फटिकांवर पांढरेशुभ्र ठिपके विखुरलेले आढळले.

ज्यातल्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते, त्या क्ष-किरण वर्णपटाने त्यांना सिलिकॉन ठरवले. थर ज्या चकतीवर वाढवला होता तीही सिलिकॉनचीच असल्याने थराला बारीक भोके पडून ती खालून डोकावत असावी, असे मी वहीत लिहूनही टाकले. तरीही एक गोष्ट खटकत होती: नमुना तिरपा करून पाहिला, तर ठिपके खळग्यांत नव्हते, ते स्फटिकांच्या माथ्यावर बसलेले होते.

सिलिकॉनची रेषा १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि टंगस्टनची एक रेषा १.७७ वर, या दोन्ही आमच्या उपकरणाच्या पटावर एकमेकींत मिसळून जातात. टंगस्टनची ८.४ ची वेगळी ओळखू येणारी रेषा उमटण्यासाठी इलेक्ट्रॉनांना १०.२ हून अधिक ऊर्जा लागते आणि आम्ही मापन १० किलोव्होल्टवर, म्हणजे १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी, केले होते. व्होल्टेज २० वर नेताच ८.४ पाशी ठसठशीत शिखर उभे राहिले. ते ठिपके कॅथोडमधून आलेले होते.

कॅथोडचे टोक भिंगाखाली धरले, तेव्हा त्यावर भेगाळलेली, नखानेही टवका निघेल अशी करडी साल दिसली आणि कडेला काजळीचे बारीक कोंब वाढलेले होते. मिथेनमधला कार्बन टंगस्टनमध्ये शिरून ठिसूळ कार्बाइड बनते, ते तापण्या-निवण्यात तडकते आणि काजळीच्या टोकांवर ठिणगी पडली की त्याचे कण उडतात, असा मी त्याचा अर्थ लावला. टंगस्टनऐवजी दुसरे काही घ्यावे, तर मॉलिब्डेनमही कार्बाइड बनवते आणि ग्राफाइट हायड्रोजनच्या प्लाझ्मात स्वतःच झिजून कार्बनचे प्रमाण बिघडवते. मायक्रोवेव्ह प्लाझ्मात इलेक्ट्रोडच लागत नाही, हे त्याचे मोठेपण मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने पटले.

आम्ही सळई बदलली, कॅथोड हायड्रोजनमध्ये पुरता तापल्याशिवाय मिथेन सोडायचे नाही असे ठरवले आणि प्रत्येक प्रयोगानंतर टोक तपासू लागलो. पुढच्या नमुन्यावर २० किलोव्होल्टलाही मोजकेच ठिपके सापडले, आणि तेही चकतीच्या कडेलाच.