पेल्याच्या बुडाचा साका

बडोद्यात मी गाइडचं काम करतो. मराठी मंडळी आली की माझी टेप सयाजीरावांपासून सुरू होते: सक्तीचं मोफत शिक्षण, ग्रंथालयं, लक्ष्मीविलास. त्यांच्या आधीच्या मल्हाररावांना मी वळसा घालूनच जायचो. बायकामुलांसमोर काय काय सांगणार?

गेल्या मे महिन्यात मालेगावकडची पंचवीसेक माणसं आली. सयाजीरावांचं जन्मगाव कवळाणं त्यांच्या शेजारचं, त्यामुळे सयाजीराव म्हणजे घरचेच. उन्हानं जीव काढला म्हणून सरबताच्या गाडीपाशी थांबलो, तर एक मावशी म्हणाल्या, "दादा, आमच्याकडचं बारा वर्षांचं पोरगं दत्तक आणलं, ते माहितीये. पण गादी रिकामी कशी झाली?"

झालं! सांगावंच लागलं.

महाराज खंडेरावांना मारण्याच्या कटाच्या आरोपावरून त्यांच्या धाकट्या भावाला, मल्हाररावांना, बडोद्याजवळच्या पादऱ्यात कैदेत टाकलं होतं. 1870 मध्ये खंडेराव वारले आणि हा माणूस कैदेतून थेट गादीवर! विधवा जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांचं राज्य तिथंच संपलं असतं; झाली मुलगी. थोरल्यानं चांदीच्या तोफा केल्या, तर यांनी सोन्याच्या ओतवल्या. लक्ष्मीबाईंशी लग्न लावलं, तर त्या आधीच दुसऱ्याच्या लग्नाच्या बायको आहेत असा बोभाटा झाला. इंग्रज सरकारचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर, तक्रारींवर तक्रारी पाठवत होता, आणि महाराजही त्याला हलवा म्हणून वर लिहीत होते.

"9 नोव्हेंबर 1874. साहेब सकाळी फिरून आला. टेबलावर पपनसाच्या रसाचा पेला. दोन-तीन घोट घेतले, मळमळलं, उरलेला रस बाहेर फेकला. पेला खाली ठेवताना बघतो, तर बुडाशी काळपट साका. तपासणीत निघाला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि हिऱ्याची पूड."

पेले हवेतच थांबले.

पुढचं मी भराभर उरकलं. विष घालवण्याचा आळ महाराजांवर, मल्हाररावांवर, आला. रेसिडेन्सीच्या नरसू जमादारानं कबुलीजबाब दिला आणि नंतर तिथल्याच विहिरीत उडी टाकली. त्याला जिवंत काढलं. विलायतेहून बॅलंटाइन नावाचा नामी वकील महाराजांसाठी आला. चौकशी आयोगात सहा जण: तिघे इंग्रज म्हणाले दोषी; ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव म्हणाले, सिद्ध होत नाही. मग सरकारनं विषाचा विषयच बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण देऊन एप्रिल 1875 मध्ये त्यांना पदच्युत केलं. मद्रासला पाठवलं, तिथंच 1882 मध्ये गेले. माझं विचाराल तर माणूस उधळ्या आणि जुलमी खराच, पण विष त्यानंच घालायला लावलं हे मला आजही पटत नाही.

"म्हंजे त्या पेल्यामुळं आमचा गोपाळ राजा झाला?" मावशींनी विचारलं; गोपाळ हे सयाजीरावांचं दत्तक जाण्याआधीचं नाव. मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी आपला पेला उन्हात धरला. बुडाशी काहीतरी होतं. गाडीवाला हसला, "बा, ए तो लींबूनुं बी छे."

मावशींनी तरीही पेला माझ्याच हातात दिला.