सकाळचा माणेक चौक आणि बायकांची बँक

अहमदाबादला गेलेला माणूस साबरमती आश्रम बघतो, अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघतो आणि रात्री माणेक चौकात खाऊन-पिऊन परत येतो. मला मात्र माणेक चौक सकाळचाच बघायचा होता, कारण सकाळी तिथे भाजीवाल्या बसतात आणि त्यांच्याबद्दल इतकं वाचलं होतं की पुण्याहून अहिंसा एक्सप्रेसमध्ये बसतानाच ठरवलेलं, बाकी काही राहिलं तरी चालेल, हे चुकवायचं नाही.

भद्रच्या किल्ल्यापासून तीन दरवाजातून चालत निघालं की जामा मशीद लागते आणि ती मागे टाकली की माणेक चौक. दिवसभर सराफांचा, रात्री खवय्यांचा, पण सकाळी जमिनीवर पोती अंथरलेली, मेथी, लिंबं, ओली हळद, आणि प्रत्येक पोत्यामागे एक बाई. मी एका मावशींकडे ओली हळद घेतली आणि तिथेच टेकले. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्या बोलत होत्या, अर्धं गुजराती अर्धं हिंदी, हात एक क्षण थांबत नव्हते. त्यांच्या सासूबाई याच जागी बसायच्या म्हणे. तेव्हा भांडवल कुठून यायचं तर सावकाराकडून, सकाळी ५० रुपये घ्यायचे, संध्याकाळी ५५ परत करायचे. ऐकायला पाच रुपये काय मोठे वाटतात, पण हिशोब करून बघा, रोज पाच म्हणजे महिन्याला दीडशे रुपये व्याज आणि तेही पन्नासच्या मुद्दलावर! वर पोलीस आणि म्युनिसिपालिटीवाले येऊन तराजू उचलून न्यायचे ते वेगळंच. अशा बाईला कोणी "मेहनत कर, पुढे जाशील" म्हणून सांगत असेल तर मला खरंच राग येतो, ती पहाटेपासून मेहनतच करत होती, फक्त त्या मेहनतीचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जात होता.

हे सगळं बदललं ते सेवा संघटनेमुळे, म्हणजे स्वतःचं पोट स्वतःच्या कामावर भरणाऱ्या बायकांच्या युनियनमुळे. ती उभी केली इला भट यांनी. त्या वकील होत्या, अहमदाबादच्या मजूर महाजन संघात महिला विभाग बघायच्या. मजूर महाजन म्हणजे गांधीजी आणि अनसूया साराभाई यांच्या वेळची गिरणी कामगारांची युनियन. १९७१ मध्ये कापड बाजारात डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या बायका त्यांच्याकडे आल्या, मजुरी किती मिळेल याचा काही ठावठिकाणा नाही, व्यापारी देईल ते घ्यायचं. इलाबेननी पेपरात त्यावर लिहिलं. व्यापाऱ्यांनी उलट लेख छापून आणला की छे छे, आम्ही तर अमुक अमुक दराने व्यवस्थित मजुरी देतो. मग या बायकांनी काय करावं? व्यापाऱ्यांनी स्वतःच छापलेले ते दर कार्डांवर छापून घेतले आणि गठ्ठे वाहणाऱ्या सगळ्यांना वाटून टाकले, की हे बघा शेठ, तुम्हीच म्हणालात ना, आता द्या. मला हा किस्सा इतका आवडतो की काय सांगू.

१९७२ मध्ये इलाबेन आणि या बायका सेवाची युनियन म्हणून नोंदणी करायला गेल्या तर लेबर ऑफिसचं म्हणणं, तुम्हाला मालकच नाही, मग तुम्ही भांडणार कोणाशी? या म्हणाल्या, युनियन आमच्या एकजुटीसाठी आहे, मालक असलाच पाहिजे असं कुठे आहे? भांडून भांडून अखेर नोंदणी मिळाली.

आणि मग बँक. आपल्याकडे जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणी येतात ना, मुंबईत त्यातल्या बऱ्याच जणी मूळच्या गुजरातकडच्याच, तसंच जुन्या कपड्यांचं काम करणाऱ्या चंदाबेन होत्या. सरकारी बँकेत यांना कोणी उभं करायचं नाही, कपडे मळके, कडेवर पोर, सही येत नाही, आणि बँकेची वेळ म्हणजे नेमकी धंद्याची वेळ. एका मीटिंगमध्ये चंदाबेननी सरळ विचारलं, मग आपण आपलीच बँक का काढू नये? इलाबेन म्हणाल्या आपल्याकडे पैसे कुठे आहेत, तर उत्तर आलं, आपण गरीब आहोत, पण आपण कितीतरी आहोत! १९७४ मध्ये ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपये घालून बँक उभी केली. कागदपत्रांवर अंगठा चालणार नव्हता, म्हणून प्रवर्तक बायकांनी रात्रभर बसून आपलं नाव गिरवलं. खातं उघडताना प्रत्येकीचा फोटो काढायचे, हातात पाटी आणि पाटीवर खात्याचा नंबर, कारण सही जुळवण्यापेक्षा चेहरा जुळवणं सोपं. दिवसभराचे चार पैसे ठेवायला दुकान सोडून जायला नको म्हणून बँकेची माणसं दारात, बाजारात येऊन पैसे घेऊन जायला लागली.

माणेक चौकातल्या मावशींचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेच्या बटव्यात. दाखवलं मला. त्यांनी कर्ज काढून हातगाडी घेतली, पण जास्त अभिमानाने सांगितलं ते हे की नवऱ्याला यातला एक पैसा विचारल्याशिवाय काढता येत नाही. इथे बसायची ही जागासुद्धा फुकट मिळालेली नाही बरं का, १९८० च्या दशकात सेवाने भाजीवाल्यांसाठी थेट सुप्रीम कोर्ट गाठलं होतं.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. १९८१ मध्ये गुजरातमध्ये आरक्षणविरोधी दंगली झाल्या तेव्हा इलाबेन उघडपणे दलितांच्या बाजूने बोलल्या आणि मजूर महाजनने सेवाला बाहेर काढलं. ज्या घरात वाढल्या तिथूनच बाहेर, तरी माघार नाही. आज सेवाच्या सभासद २० लाखांच्या वर आहेत. घरी बसून विड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकाही कामगार आहेत हे जगाने मान्य करावं म्हणून या लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला आणि १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत अशा घरी बसून काम करणाऱ्यांसाठी करार, नंबर १७७, मंजूर झाला. भारताने मात्र तो अजून स्वीकारलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

परतीच्या गाडीत डोक्यात एकच चालू होतं. आपल्याकडे गावोगाव बायकांना गट करून कर्ज देणारे आहेत, हप्ता चुकला की दारात येऊन बसतात, शेजारणीलाच शेजारणीच्या अंगावर सोडतात, आणि याला सक्षमीकरण म्हणतात. कर्ज तिथेही आहे आणि इथेही आहे, पण अहमदाबादच्या बँकेत कर्ज घेणारी बाईच शेअरहोल्डर आहे आणि तिच्या मागे युनियन उभी आहे. नुसतं कर्ज देऊन काही होत नाही हे माझं मत तिथे जाऊन आणखी पक्कं झालं.

आणि असं काम आपल्याकडे झालेलं नाही असं मुळीच नाही. त्याच काळात, १९७५ मध्ये, मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावात गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. अहमदाबादला जायला सगळ्यांना जमेलच असं नाही, पण लालबाग-परळ तर जवळ आहे. तिथल्या कोणी जुन्या खाणावळवाल्या आजी तुमच्या ओळखीच्या असतील तर मला जरूर कळवा, त्यांच्याशी बोलायला मी लगेच येईन.