तिनास एक

रविवार, रात्री.

आज कळण्याच्या दळणाने माझी चांगलीच फजिती केली. कळणा म्हणजे भाकरीसाठी एकत्र दळायचे ज्वारी-उडीद; आमच्या घरी तो तिनास एक असा करतात, म्हणजे तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा सालासकट अख्खा उडीद. डब्यात सहा किलो दळण मावते, तर उडीद किती घ्यायचा, असे सहावीतल्या पुतणीने विचारले, तेव्हा "एकास तीन, म्हणजे एक तृतीयांश, दोन किलो घे," असे मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढताच सांगून मोकळी झाले. तिने चार किलो ज्वारीत दोन किलो उडीद ओतला. वहिनींनी डब्यात हात घालून धान्य वरखाली केले आणि "काळे फार दिसते आहे, भाकरी चिकट होईल," एवढेच त्या म्हणाल्या.

चूक माझी होती. उडदाचे ज्वारीशी गुणोत्तर 1:3 असले, तरी उडीद हा कळण्याचा एक तृतीयांश नव्हे, एक चतुर्थांश भाग असतो. गुणोत्तरात दोन वाटे समोरासमोर उभे असतात. अपूर्णांकात, निदान मी वापरला त्या अर्थाने, एक वाटा सबंध डब्यासमोर उभा असतो. गुणोत्तरही वर-खाली अंक मांडून लिहिण्याची शाळेत रीत आहे, त्यामुळे 1/3 दिसले की तो तीन कशाचा, हे विचारायचे राहून जाते.

लीलावतीत (1150) भास्कराचार्यांनी त्रैराशिकाची जी अट घातली आहे, ती मला दुपारी या डब्यापाशी बसून आठवली: प्रमाण (जिचे फळ आधीच माहीत आहे ती राशी) आणि इच्छा (जिचे फळ काढायचे आहे ती राशी) ही एकाच जातीची हवीत. माझी इच्छा सहा किलो कळण्याची होती आणि प्रमाण म्हणून मी धरले होते तीन किलो ज्वारी. चार किलो कळण्यात एक किलो उडीद, असे धरले असते, तर सहाला एकाने गुणून चाराने भागल्यावर दीड किलो हे उत्तर सरळ आले असते. चाळीसगावजवळच्या पाटणला, जिथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, मी दोनदा जाऊन आले आहे, हे इथे लिहायलाही संकोच वाटतो.

दुरुस्ती पुतणीनेच सुचवली. उडीद वेचून काढण्यापेक्षा आणखी दोन किलो ज्वारी घालू, म्हणजे सहास दोन होईल, असे ती म्हणाली. उडदाचा एक दाणाही न हलवता त्याचा हिस्सा एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर आला, याचे तिला भारी नवल वाटले. मग मी तिला कापसाचे विचारले: क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी, तर रुईचे सरकीशी गुणोत्तर काय? या खेपेला तिने आधी "सबंध कापूस धरायचा, की नुसती सरकी?" असे विचारले, आणि मग एकास दोन हे उत्तर दिले.

दळण आठ किलोंचे झाले. डब्यात न मावलेले दोन किलो धान्य तिने पिशवीत भरले आणि संध्याकाळी आम्ही दोघी गिरणीवर गेलो.