ऑल्बरीच्या पाद्र्याविषयी, तुम्ही विचारलेत म्हणून

गणित शिकवताना मी विल्यम ऑट्रेड या इंग्रज पाद्र्याचे नाव इतक्यांदा का घेतो, असे विद्यार्थी आणि पालक मला नेहमी विचारतात. गुणिले हे तिरप्या फुलीचे चिन्ह ऑट्रेड यांच्या १६३१ साली छापलेल्या बीजगणितामुळे रूढ झाले, एवढे उत्तर पुरेसे ठरावे. पण माझ्या आदराचे कारण त्याहून मोठे आहे.

ईटन येथे जन्मलेले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकलेले ऑट्रेड १६१० साली सरे परगण्यातील ऑल्बरी गावचे रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री, झाले आणि १६६० साली मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिले. चर्चच्या उत्पन्नावर चरितार्थ चालत असल्यामुळे त्यांनी गणित शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. पुढे बिशप झालेले खगोलज्ञ सेथ वॉर्ड त्यांच्या घरी राहून शिकले. समकालीन चरित्रकार जॉन ऑब्री लिहितात, की गणितात गुंतलेल्या या गृहस्थांचे प्रवचन बराच काळ यथातथाच होते. इंग्लंडमधील राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धाच्या काळात, १६४६ साली, त्यांचे पद काढून घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ज्योतिषी विल्यम लिली यांनी संसदेतील वजनदार मित्रांना गाठून तो हाणून पाडला.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती सरकपट्टीची, म्हणजे पट्टी सरकवून गुणाकार करण्याच्या साधनाची (स्लाइड रूलची), कथा. स्कॉटिश गणिती जॉन नेपियर यांनी १६१४ साली लॉगॅरिदम मांडले, म्हणजे प्रत्येक संख्येला अशी जोडसंख्या दिली, की गुणाकाराचे काम बेरजेवर आले. इंग्रज गणिती एडमंड गुंटर यांनी लॉगॅरिदमच्या प्रमाणातील अंतरे एका पट्टीवर कोरली, परंतु ती मोजायला कंपास लागे. ऑट्रेड यांनी अशा दोन मापनरेषा एकमेकींलगत सरकवल्या, तेव्हा कंपासची गरजच उरली नाही, कारण दोन लांबींची बेरीज पट्टी सरकताच होते आणि गुणाकार थेट वाचता येतो. अभियंत्यांच्या हातात हे साधन विसाव्या शतकातील सत्तरच्या दशकापर्यंत होते.

एवढी उपयुक्त युक्ती हाती असूनही त्यांनी ती अनेक वर्षे छापली नाही. १६३० च्या उन्हाळ्यात त्यांचे शिष्य विल्यम फॉर्स्टर ऑल्बरीला आले आणि गुंटर यांच्या पट्टीची वाखाणणी करू लागले, तेव्हा कुठे त्यांनी आपली साधने बाहेर काढली. इतकी वर्षे ती लपवून का ठेवलीत, या फॉर्स्टरच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर असे, की शास्त्राआधी साधन हाती देणारे शिक्षक विद्यार्थ्यांना केवळ हातचलाखी करणारे बनवतात. खरी विद्या सिद्धतेतून येते. त्यांच्या परवानगीने फॉर्स्टर यांनी त्या साधनांचे वर्णन १६३२ साली प्रसिद्ध केले. माझ्या वर्गात लॉगॅरिदमचा नियम मुलांनी स्वतः सिद्ध केल्याशिवाय कॅल्क्युलेटर बाहेर येत नाही, तो याच उत्तरामुळे.