आमची वाटचाल : नाशिकमध्ये जिवंत वाळू आणि पॉड्स

आम्ही घरातल्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी जिवंत वाळू आणि पॉड्स नावाचे बारीक जीव वाढवून विकतो. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस वाळूच्या टबात हात घालून बघतो आणि विचारतो, ही वाळू गोदावरीची का हो? नाही. नदीची वाळू म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा आणि गारेचा चुरा, ही आहे अरागोनाइट, म्हणजे प्रवाळ ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं तेच, आणि मुख्य म्हणजे ही जिवंत आहे, कणाकणावर बॅक्टेरियाचा थर आहे. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचं एक जातीचे बॅक्टेरिया नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि ही साखळी कोरड्या वाळूवर बसायला चार-सहा आठवडे सहज जातात. आईला हे समजावत होतो तेव्हा ती म्हणाली, म्हणजे विरजण लावायचं. अगदी तेच, आणि आता गिऱ्हाइकालाही मी असंच सांगतो.

सुरुवात सहा वर्षांपूर्वी इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत झाली. मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला होतो, बायको मायक्रोबायोलॉजी शिकलेली, आणि घरात तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक, ज्यात मासे टिकत नव्हते. टँक लावून आठवड्यात मासे टाकायचो आणि मरायचे. चूक घाईची होती, बॅक्टेरिया बसायच्या आधीच मासे टाकत होतो, हे कळायला वर्ष गेलं. मग आम्ही दोघांनी घरीच वाळू पिकवायला घेतली, आरओ-डीआयचं म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं पाणी, त्यात सॅल्ट मिक्स म्हणजे समुद्री मीठ, सॅलिनिटी (खारटपणा) हजारात ३५, स्पंज फिल्टर, एअर पंप, आणि बॅक्टेरियाला खायला अमोनियम क्लोराइड. २ पीपीएम (दहा लाखात दोन भाग) अमोनिया टाकला आणि २४ तासांत तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की बॅच तयार, नाहीतर नाही. हा नियम आजपर्यंत मोडलेला नाही.

एकदा मात्र पॅकिंगमध्ये आम्ही फार मोठी चूक केली. पुण्याच्या एका मुलाला मे महिन्यात १० किलो वाळू पाठवली, पिशवी वरपर्यंत भरून घट्ट सील केलेली, आत हवा अशी नाहीच. कुरियरला तीन दिवस लागले. वाळूतले किडे-अळ्या गुदमरून मेले, ते सडले, राहिलेला ऑक्सिजन सडण्यातच संपला, आणि त्याने पिशवी फोडली तर सडक्या अंड्याचा वास. त्याला वाटलं समुद्राचा वास असेल, त्याने ती तशीच चालू टँकमध्ये ओतली आणि रात्रीत दोन क्लाऊनफिश गेले. त्याने फोनवर एक शब्द वाकडा काढला नाही त्यामुळे मला जास्तच लागलं. वाळूचे आणि माशांचे पैसे परत दिले, आणि तेव्हापासून वाळू पातळ थरात, पिशवीत निम्म्याच्या वर हवा ठेवून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच जाते म्हणजे सकाळी पुण्यात हातात. तीही आली की आधी वास घ्या, बादलीत टाकून अमोनिया टेस्ट करा, मग टँकमध्ये, हे आम्ही पिशवीवरच लिहून देतो.

पॉड्सचं खातं पूर्ण बायकोचं. पॉड्स म्हणजे कोपेपॉड, कोळंबी-खेकड्याच्या गोतावळ्यातले पण जेमतेम एक मिलिमीटरचे जीव. त्यातले टिस्बे जातीचे वाळूत आणि दगडाच्या फटीत राहतात, शेवाळ आणि उरलेलं अन्न खातात, टिग्रिओपस जातीचे थोडे मोठे, लालसर, पाण्यात तुरुतुरु पोहतात. अंड्यातून निघाल्यावर सहा वेळा रूप बदलून पिल्लू, मग पाच पायऱ्या, मग मोठं. त्यांना खायला हिरवं पाणी लागतं, म्हणजे नॅनोक्लोरॉप्सिस आणि आयसोक्रायसिस ही सूक्ष्म शेवाळं, ती पण आम्हीच वाढवतो. एकदा कल्चरमध्ये म्हणजे पॉड्स वाढवायच्या बाटलीत रोटिफर नावाचे दुसरे सूक्ष्म जीव शिरले, त्यांनी सगळं हिरवं पाणी फस्त केलं आणि पॉड्स उपाशी मेले, ती बाटली पहिल्यापासून लावावी लागली. आता प्रत्येक कल्चर तीन वेगळ्या खोक्यांत ठेवतो, चमचा आणि गाळणीसुद्धा ज्याची त्याला.

निफाडच्या एका द्राक्षबागायतदार काकांची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. त्यांनी टँक छान लावला, वाळू आमची, दोनदा पॉड्स नेले आणि दोन्ही वेळा आठवड्यात एकही दिसेना, कोळंबी पण मेली, पण मासे मजेत. मी स्वतः गेलो, अमोनिया शून्य, सॅलिनिटी बरोबर, काही सापडेना. निघताना त्यांनी टँकला पाणी भरायला बादली उचलली आणि तिच्या कडेला निळसर डाग दिसला. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार! बागेला बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) करायची तीच बादली. तांबं अगदी थोडं असलं तरी कवचवाल्या जिवांना मारतं, मासे त्यामानाने तग धरतात. काका म्हणाले, बागेत डावणी (द्राक्षावरचा बुरशीरोग) मारतंय म्हणून वापरतो, इथे तेच आपल्या जिवावर उठलं. पाणी बदललं, पाणी साफ करणारा कार्बन (कोळसा) लावला, नवीन बादली आणली, दीड महिन्याने पुन्हा पॉड्स टाकले, ते राहिले. आजारी माशाला तांब्याचं औषध द्यायचं तर वेगळ्या टबात द्या असं तेव्हापासून कळकळीने सांगतो.

बाकी नाशिकचं हवामान, एप्रिल-मेमध्ये चाळिशी आणि जानेवारीत एक आकडी पारा, त्यात लाईट जाते, म्हणून नोकरी सोडल्यावर पहिला मोठा खर्च इन्व्हर्टरवर केला. फोन येतात, समुद्रातला लाईव्ह रॉक (जीव वसलेला दगड), कोरल आणून द्या, पैसे जास्त देतो. आम्ही देत नाही. आपल्या समुद्रातलं रीफ बांधणारं प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने, आणि ज्याच्या प्रेमापोटी टँक लावायचा तेच समुद्रातून तोडायचं हे मला पटत नाही.

मँडरिन मासा हवा म्हणणाऱ्यालाही आम्ही थांबवतो. तो दिवसभर एकेक पॉड टिपून खातो, नव्या टँकमध्ये पंधरा दिवसांत सगळे पॉड संपवून उपाशी मरतो, त्यामुळे आधी पॉड्स टाका, काही महिने वाढू द्या. काहीजण रागावून दुसरीकडून मासा घेतात, काहीजण थांबतात. निफाडचे काका आठ महिने थांबले, त्यांचा मँडरिन आता गुबगुबीत झालाय, दर रविवारी फोटो येतो.

या महिन्याची वाळूची बॅच मात्र अजून २४ तासांत शून्यावर येत नाहीये, बहुतेक थंडीमुळे. बुकिंग केलेल्या सगळ्यांना फोन करून सांगितलंय, अजून आठ-दहा दिवस लागतील.