भूगोलाच्या वर्गातली बीटल

नागपुरात महाल भागातल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग तीन दिवस चालायचं. पहिल्या दिवशी खेळ, दुसऱ्या दिवशी नाटकं आणि नाच, तिसऱ्या दिवशी सकाळी आनंद मेळावा नि संध्याकाळी बक्षीस समारंभ. बाकीच्यांना गॅदरिंग म्हटलं की स्टेज आठवतं, भाड्यानं आणलेले ड्रेस आठवतात, गालावर थापलेली ती पावडर आठवते. मला मात्र तिसऱ्या दिवसाची सकाळ आठवते आणि पहिल्या मजल्यावरचा भूगोलाचा वर्ग, कारण तिथले बेंच भिंतीला सरकवून, टेबलं जोडून त्यावर कार्यानुभवाच्या सरांचा ट्रॅक मांडलेला असायचा.

स्लॉट कारचा ट्रॅक. आपल्याकडे फार जणांना माहीत नाही म्हणून सांगतो. रस्त्यात एक बारीक खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी, पट्टीतून करंट. गाडीच्या नाकाखाली एक पातं असतं त्याला गाईड म्हणतात, ते खाचेत बसतं आणि त्याच्या दोन बाजूंच्या जाळ्या पट्टीवर घासत जातात, तिथून करंट मोटरला. स्टिअरिंग नाही, रिमोट नाही, हातात फक्त वेग. ऐकायला वाटतं की मग यात काय आहे, पण वळणावर बोट जरा जास्त दाबलं की गाईड खाचेतून निघतो आणि गाडी थेट जगाच्या नकाशाखाली जाऊन पडते. दर गॅदरिंगला सर नव्या पोरांना हे सगळं पहिल्यापासून सांगायचे, की हा खेळ इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसानं १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक नावानं आणला, आधी त्याच्या गाड्या चावीच्या होत्या, पत्र्याच्या, मग त्यानं त्यात मोटर टाकली. आणि मग साठच्या दशकात तिकडे प्लॅस्टिकच्या मॉडेल किटच्या बॉडीखाली आपापली चेसिस, म्हणजे चाकं-मोटर बसवायचा खालचा सांगाडा, लावून पळवायचं वेडच लागलं होतं. सर हे इतक्या आनंदानं सांगायचे की वाटायचं ते स्वतः तिथे उभे होते.

ट्रॅक त्यांनी स्वतः केलेला. खाली १२ मिलिमीटरची प्लाय, पूर्ण आठ बाय चारची, आणि वर ६ मिलिमीटरची प्लाय फ्रेट सॉनं, म्हणजे बारीक पात्याच्या हातकरवतीनं, रेषेवर कापून अशी चिकटवलेली की मधे ३ मिलिमीटरची फट राहील. तीच खाच. एवढी वळणं फ्रेट सॉनं कापायची म्हणजे काय ते ज्यानं कधी हातात तो धरलाय त्यालाच कळेल, ब्लेड तर किती तुटली असतील. तांब्याच्या पट्ट्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या. दोन लेन, लाल आणि निळी, एक फेरी साधारण सहा मीटरची. कंट्रोलर पण घरचेच, लाकडी मूठ, त्यावर हीटरच्या कॉइलचा तुकडा गुंडाळलेला आणि वरून सरकणारी पितळी पट्टी, जितकी पुढे ढकलाल तितकी कॉइल कमी आणि गाडी जोरात. आणि पट्टी पूर्ण मागे आणली की मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जायची. सर म्हणायचे, पोट्टेहो, आता मोटर जनरेटर झाली, तीच आता सोताला थांबवते. पुस्तकात हे यायच्या कितीतरी आधी आम्हाला बोटानं माहीत झालं होतं.

रेसला एकच नियम. बॉडी कुठलीही आणा, बाजारातली, खेळण्यातली, पण खालचं सगळं स्वतः करायचं.

१९९५ च्या दिवाळीत माझा मामा दुबईहून आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी एक मॉडेल किट आणलं. फोक्सवॅगन बीटल, १:२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी. खोक्यात ते फ्रेमला लागलेले पांढरे पार्ट, चकचकीत बंपर, पारदर्शक काचा वेगळ्या, इवलंसं स्टिअरिंग, स्टिकरची शीट. आमच्या गल्लीत असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. आईनं तर जोडायच्या आधीच शोकेसमधली जागा रिकामी केली, कपबशा सरकवून. मी ते खोकं सरांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडलं, बराच वेळ पार्ट बघितले, एकाला हात लावला नाही, आणि मग म्हणाले, "शोकेसात ठेवाची आहे का पळवाची आहे?"

मला दोन रात्री झोप नाही. कारण पळवायची म्हणजे तिचा तळ कापायचा, आतल्या सीटा फेकायच्या, इंजिन फेकायचं. मामानं एवढ्या लांबून आणलेलं. शेवटी आईलाच विचारलं तर ती म्हणाली, "तुझी वस्तू आहे, तू ठरव, पण मामाला तू सांगायचं." मी मामाला पत्र लिहिलं. उत्तर यायच्या आधीच कापायला घेतली ते वेगळं.

सरांनी आधी गणित करायला लावलं. खऱ्या बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर, भागिले २४, बरोबर १००. आपल्या चेसिसवर दोन ॲक्सल बरोबर १० सेंटीमीटरवर हवेत, एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चाक मडगार्डला घासणार. इतवारीतून पितळी पट्टी आणली आणि कापली. ॲक्सल म्हणजे सायकलचा स्पोक, आणि तो ज्यात फिरेल ती पितळेची बारीक नळी पट्टीला सोल्डर केलेली. सोल्डरिंग मला जमेना, नळी दर वेळी तिरकी बसायची. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या बाबांचं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं बडकस चौकाकडे, तिनं माझ्या हातातून इस्त्री घेतली (आम्ही सोल्डरिंग गनला इस्त्रीच म्हणायचो), आधी पितळ पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलं, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) लावलं, जागा नीट तापू दिली आणि मग तार टेकवली, ती अशी सर्रकन पसरली की मी बघतच राहिलो. "थंड्या पत्र्याला सोल्डर धरत नाही बे," एवढंच बोलली आणि स्वतःच्या गाडीकडे गेली. आज मी जे काही इलेक्ट्रिकचं काम करतो त्यात हे वाक्य रोज डोक्यात असतं.

मोटर घ्यायला बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, गेलो तर हिवाळी अधिवेशनाचे दिवस, मोर्चामुळे रस्ता बंद, पोलिसच पोलिस. सायकल हातात धरून गल्ल्यागल्ल्यांतून जाऊन परत यायला अर्धा दिवस गेला. खेळण्यातली मोटर ती, ३ व्होल्टची. तिकडचे ट्रॅक साधारण १२ व्होल्ट डीसीवर चालायचे पण आपल्या मोटरी त्यात जळल्या असत्या, म्हणून सरांनी एलिमिनेटर (घरच्या लाईटचा कमी व्होल्टचा डीसी करणारा डबा) ६ वर ठेवलेला, आणि दहा फेऱ्या झाल्या की मोटर थंड होऊ द्यायची असा दंडकच होता. मोटरवर ९ दात्यांचं पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक, ॲक्सलवर २७ दात्यांचं क्राउन म्हणजे मोठं, दोन्ही मोडक्या खेळण्यांतून काढलेली. म्हणजे मोटर तीनदा फिरली की चाक एकदा. मोटर बसली बरोबर मागच्या सीटच्या जागी, सर खूष झाले, म्हणाले बीटलचं असली इंजिन पण मागेच असते, हिला सवय आहे.

गाईडचं पातं प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा घासून केलं आणि त्याच्या जाळ्या टीव्हीच्या अँटेनाच्या केबलमधून काढल्या, आतली ती विणलेली तांब्याची जाळी असते ना ती, बोटानं चपटी करून.

चाकांचं काम मला सगळ्यात आवडलं. किटचे टायर दिसायला सुंदर पण कडक, तांब्यावर नुसते घसरायचे. तर जुनी हवाई चप्पल घ्यायची, तिच्या गोल चकत्या कापायच्या, रिमवर चिकटवायच्या. त्या काही गोल नसतात, चौकोनाला गोल म्हणावं तशा असतात. मग मोटरला करंट द्यायचा, चाक फिरत ठेवायचं आणि खालून पॉलिश पेपर अगदी हलका टेकवायचा. निळी धूळ उडायला लागते, आधी गाडी हातात थडथडते, मग ते थडथडणं कमी कमी होत जातं आणि एका क्षणी हाताला काहीच लागत नाही, नुसता आवाज. तेव्हा समजायचं की चाक गोल झालं.

काचांचा मात्र घोटाळा झाला. पुढची काच मी झटकन चिकटणाऱ्या गोंदानं लावली, रात्री बघितली तर छान, सकाळी बघतो तर आतून पांढरी धुरकट, पुसली जाईना. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते हे मला काय माहीत. मी रडलो, खोटं कशाला सांगू. बाबांनी काही न बोलता कपाटातून नव्या शर्टाचं खोकं काढलं आणि त्याच्या झाकणाचं पारदर्शक प्लॅस्टिक कापून दिलं. ते फेविकॉलनं लावलं, वाळल्यावर दिसेनासं झालं. आणि सर म्हणाले हे तर बेस झालं, किटची काच जाड होती, तेवढं वरचं वजन कमी.

कारण बीटलचं सगळं दुखणं तेच होतं. बाकी पोरांच्या गाड्या बसक्या, रेसिंगच्या. माझी उंच, टोपी घातल्यासारखी, वळणावर दोनच चाकांवर उभी राहायची आणि पालथी. म्हणून छतातून जेवढं काढता येईल तेवढं काढलं, ड्रायव्हर छातीपासून वरचाच ठेवला, पुठ्ठ्यावर चिकटवून. टायरवाल्याकडून बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे मागून आणले आणि चेसिसवर अगदी खाली, दोन्ही कडांना बसवले. आणि बॉडीचे स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत, अर्धा आटा सैल, बॉडी थोडी हलली पाहिजे, म्हणजे तिचा धक्का चाकांना लागत नाही. हे सरांनी शेवटच्या दिवशी सांगितलं. त्या अर्ध्या आट्यानं जो फरक पडला तो शिशानं पण पडला नव्हता.

गॅदरिंगच्या तिसऱ्या दिवशी खाली मैदानावर आनंद मेळावा, तर्री पोह्यांच्या स्टॉलसमोर लाईन, कोणाच्या तरी वाडीतली संत्री टोपलीनं आलेली, आणि वर आम्ही दहा-बाराजण सकाळच्या थंडीत स्वेटर घालून तांब्याच्या पट्ट्या खोडरबरनं घासत बसलेलो. चिंच लावायची नाही अशी सक्त ताकीद. आदल्या वर्षी कोणीतरी लावली होती, पट्टी चमकली खरी पण ओल राहिली आणि महिन्याभरात हिरवी पडली. वळणांवर एकेक जण उभा, पडलेली गाडी उचलून परत खाचेत ठेवायला. शर्यत दहा फेऱ्यांची, मग लेन बदलून परत दहा, कारण बाहेरची लेन लांब पडते.

सेमीफायनलच्या मधेच लाईट गेले. खालून माईकवरचं गाणं बंद झालं आणि सगळीकडे हुश्श. आम्हाला वाटलं संपलं, आता काय होते. सरांनी खिशातून किल्ली काढली, दोन पोरांना म्हणाले, माह्या बुलेटची बॅटरी काढून आणा, सीटखाली पाना आहे. त्यांची बुलेट जुनी, ६ व्होल्टवाली. ती जड बॅटरी दोघांनी धरून जिना चढून आणली, सरांनी दोन वायरी लावल्या आणि ट्रॅक जिवंत झाला. माईक नसल्यामुळे गाड्यांचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला, तो बारीक घुंईं, वळणावर उतरायचा, सरळ रस्त्यावर चढायचा. खालचे पालक वर आले बघायला. दारात गर्दी झाली. शिपाईमामा खिडकीच्या गजांना धरून उभे होते.

मी फायनलला गेलो नाही, तिसरा आलो. पहिली आली ती सोल्डरवाली. तिची गाडी म्हणजे बाजारातलं दहा रुपयांचं लाल खेळणं होतं पण खालचं काम असं की सरांनी उलटी करून सगळ्यांना दाखवली.

संध्याकाळी बक्षीस समारंभात या रेसचं नाव कधीच नसायचं, कप फक्त खेळाचे आणि नाटकाचे. सर वेगळंच काहीतरी करायचे. सगळे गेल्यावर आम्ही प्लाय उलटी करून चादरीत गुंडाळायचो, माळ्यावर चढवायला, तेव्हा ते कानावरची पेन्सिल काढून प्लायच्या पाठीवर त्या वर्षीचं काही लिहायचे. काय लिहिलं ते वाचू द्यायचे नाहीत, म्हणायचे पुढच्या वर्षी बघा. पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षात राहते. दहावीनंतर शाळा सुटली, सर रिटायर झाले.

मागच्या डिसेंबरात भाच्याचं गॅदरिंग होतं, त्याच शाळेत. गॅदरिंग आता दोनच दिवसांचं झालंय. मी शिपायाला विचारलं तर ट्रॅक अजून माळ्यावर होता, पट्ट्या बऱ्याच निघालेल्या, एका कोपऱ्याला वाळवी. आम्ही दोघांनी भिंतीला टेकवला आणि मी मोबाईलचा टॉर्च लावून खाली बसलो. पेन्सिल फिकट झालीय पण सरांचं अक्षर टपोरं. १९९५ च्या ओळीत आधी लाल गाडी, सगळ्यात कमी वेळ, सेकंद दोन दशांशापर्यंत. तिच्या खाली, जरा बारीक अक्षरात, "बीटल. २० फेऱ्या. एकदाही बाहेर नाही."

भाचा विचारत होता, मामा, हे काय आहे? मी त्याला म्हटलं, बॅटरी धर जरा नीट, फोटो काढू दे.