तळाशील: पेटलेलं पाणी, रिकामी रापण

डिसेंबरची अमावास्या साधून रजा टाकली ती निळ्या उजेडासाठी. एका अंगाला गड नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असं हे मालवण तालुक्यातलं तळाशील.

"बॅटरी लावू नको हां," जिथे उतरलो होतो त्या घरातल्या काकींनी बजावलं. किनाऱ्यावर गेलो. लाट फुटली आणि तिच्या कडेनं निळी रेघ सरसरत गेली. ओल्या वाळूत टाच आपटली की भोवती ठिणग्या. तासभर पाण्यात काठी फिरवत बसलो. मोबाइलात मात्र निव्वळ काळोख आला.

सकाळी तिथंच पाणी विटकरी झालेलं, टोमॅटोच्या सारासारखं, वर कुबट वास. रापण ओढायला माणसं जमली होती, मीही दोराला हात लावला. जाळं वर आलं तेव्हा त्यात जेलीफिशचा लगदा आणि मूठभर तारल्या.

"पाणी पेटला काय मासो पळता," एक म्हातारे रापणकर म्हणाले. मी रात्री टाळ्या पिटत होतो ते यांच्यासाठी रिकामं जाळं होतं.

हा उद्योग नॉक्टिल्युकाचा. एकाच पेशीचा जीव, पण चांगला वाढला तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसतो. पाणी ढवळलं की चमकतो. किनाऱ्याजवळचा लालसर प्रकार स्वतः अन्न तयार करत नाही, डायटमसारखी सूक्ष्म शेवाळं गिळतो. त्या शेवाळांना लागतं खत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. ते पावसाळ्यात खोल पाणी वर आलं की मिळतं. उत्तर अरबी समुद्रात थंडीचे कोरडे वारे वरचा थर गार करतात, तो जड होऊन खाली बसतो, तेव्हाही मिळतं. म्हणजे सगळं पाप आपल्या गटारांचं नाही. पण न शुद्ध केलेलं सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेलं खत यांनी समुद्राचं ताट आणखी वाढून ठेवलं जातं, हेही खरं.

नॉक्टिल्युका विष बनवत नाही. त्याच्या पेशीत अमोनिया मात्र साठतो, आणि थवाच्या थवा मेला की तो कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. पळू शकणारा मासा पळतो, बाकीचे गुदमरतात. शिवाय मासे याला फारसं खात नाहीत. खातात ते जेलीफिश आणि साल्प नावाचे पारदर्शक, लिबलिबीत तरंगते जीव. जाळ्यातला तो लगदा मला मग वेगळाच दिसायला लागला.

दुपारी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मिळतील का, विचारलं. काकी म्हणाल्या, "लाल पाण्यातल्यो आम्ही काढणव नाय." बरंच झालं. सगळीच लाल पाणी नॉक्टिल्युकाची नसतात. काही शेवाळांचं विष शिंपल्यांत साठतं आणि शिजवूनही जात नाही. ताटात सुक्या बांगड्याची चटणी आली.

दुसऱ्या रात्री उजेड फिका होता. परतताना तेच रापणकर भेटले. "फोटो बरे इले?"

"नाही ओ. तुमचं उद्या?"

"बघूया," म्हणाले, आणि दोराची गुंडाळी खांद्यावर टाकून चालू लागले.